‘गावपण’ आणि ‘शहरीकरण’

प्रत्यय लागून भाववाचक नामे कशी सिद्ध होतात, हे आपण व्याकरणाच्या घटकात अभ्यासले आहे. तेथे ‘ता’, ‘त्व’, ‘पण’, ‘की’ हे प्रत्यय एका ओळीत मांडलेले असतात. जणू कोणताही उचलावा आणि कोठेही लावावा. ‘मानवता’, ‘माणूसपण’ आणि ‘माणुसकी’ हे शब्द आलटूनपालटून वापरून पाहा. गौरव मानवतेचा होतो. अडलेल्या शेजाऱ्याच्या मदतीला धावतो त्याच्या अंगी मात्र माणुसकी असते. ‘शहाणपण’ हा गुण, तर ‘शहाणपणा’ हा बहुधा टोमणा!

इंग्रजीची स्थिती याहून फार वेगळी नाही. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला ‘मॅटर्निटी’ हा शब्द रुग्णालयात आणि रजेच्या अर्जात दिसतो, तर मूळचा इंग्रजी ‘मदरहुड’ अनुभवाविषयी बोलताना येतो. आपल्याकडे ‘मातृत्व’ आणि ‘आईपण’ यांचे तेच आहे. (‘मॅटर्निटी’तील ‘टी’ लॅटिन ‘तास्’पासून आलेला, तो आणि संस्कृत ‘ता’ एकाच कुळातले आहेत.)

संस्कृत प्रत्यय आला की लेखन विद्वत्तापूर्ण होते, हा समज मला घातक वाटतो. नेरूळचेच उदाहरण घ्या. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे आगरी-कोळ्यांच्या या गावाभोवती नियोजित नगर उभे राहिले. उत्तरपत्रिकेत आपण लिहितो, ‘नेरूळचे शहरीकरण झाले.’ वाक्य निर्दोष आहे. परंतु त्यात कर्ता नाही. शासनाने जमिनी संपादन केल्या, सिडकोने शहर वसवले, शेतकऱ्यांची भातशेती गेली, ही सारी क्रियापदे ‘करण’ या एका प्रत्ययाने गिळली आहेत. ‘भूसंपादन’, ‘पुनर्वसन’ हे शब्दही तेच करतात. उलट, गावठाणातील वृद्ध ‘गावपण गेलं’ म्हणतात, तेव्हा काय गेले हे ऐकणाऱ्याला विचारावे लागत नाही. ‘ग्रामत्व’ असा शब्द मात्र कोणी घडवला नाही, कारण त्याची गरज कोणालाच भासली नाही.

‘शहरीकरण’ टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. ‘शहर’ फारसी, ‘ई’ही फारसी वळणाची, ‘करण’ संस्कृत. असा मिश्र शब्द आपण सहज पचवला आहे आणि प्रक्रियेचे नाव म्हणून तो हवाच. पण ज्या परिच्छेदात तो येईल, तेथे एका तरी वाक्यात कोणी, कोणाचे, काय केले हे क्रियापदाने सांगा. तसेच, तुमच्या घरच्या बोलीतला ‘पण’ किंवा ‘की’ नेमका बसत असेल, तर परीक्षकाच्या धाकाने त्याचा ‘ता’ करू नका.