कोवळ्या हातांतील बंदूक

अमेरिकेत शाळकरी मुलाने वर्गबंधूंवर गोळ्या झाडल्या की, 'माथे फिरले' असे म्हणून जग मोकळे होते. सत्य याहून कटू आहे. १९९९ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतील कोलंबाईन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १३ जणांचे बळी घेतले. त्यानंतर तेथील सीक्रेट सर्व्हिस व शिक्षण खाते यांनी १९७४ ते २००० पर्यंतच्या अशा ३७ घटना तपासल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेला तो अहवाल डोळ्यांत अंजन घालणारा आहे. हल्लेखोरांचा ठराविक साचा आढळला नाही. मात्र बहुतेकांना पूर्वी आत्महत्येच्या विचारांनी ग्रासले होते, अनेकांचा सोबत्यांनी छळ केला होता आणि सुमारे दोनतृतीयांश मुलांना बंदूक स्वतःच्या अथवा नातलगाच्या घरात सापडली होती. पाचांपैकी चार घटनांत तर हा बेत कोणा ना कोणाला, बहुधा सोबत्यालाच, आधी ठाऊक होता!

२०२१ साली मिशिगनमधील ऑक्सफर्डच्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. त्याच सकाळी त्याने कागदावर मदतीची याचना लिहिली होती. ती शिक्षकांनी वाचली, आईबापांना बोलावले. तरीही मुलगा वर्गात परतला, दप्तर कोणी उघडले नाही. २०२४ मध्ये न्यायालयाने आईबापांनाही दोषी ठरविले.

हत्येचे समर्थन होऊच शकत नाही. परंतु कारण शोधणे म्हणजे समर्थन नव्हे. बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती कायदा करू शकेल, त्याने ती केलीच पाहिजे. मित्राचा बेत सांगणे ही चहाडी नव्हे, हा विश्वास मात्र मुलांना वडीलधाऱ्यांनीच द्यावयाचा असतो.