मूळ हातीं घेतांना

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तींत यंत्राचा उल्लेख नाहीं, एवढ्याच आधारावर गेल्या महिन्यांत आम्हीं आपल्या जुन्या स्मार्टफोनचें मूळ हातीं घेण्याचें साहस केलें. तरुण मंडळी यास 'रूट करणें' म्हणतात.

शब्दाचा अर्थ आधीं पाहूं. अँड्रॉइडच्या गाभ्याशीं लिनक्स आहे, व लिनक्सनें आपली रीत युनिक्सपासून घेतली. युनिक्सचें काम १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सुरू झालें. त्या परंपरेंत सर्व कांहीं वाचण्याची, बदलण्याची व पुसण्याची मुभा असलेल्या सर्वाधिकाऱ्यास 'रूट' म्हणजे मूळ म्हणतात. फोन विकत घेणाऱ्यास हा अधिकार मिळत नाहीं. घर आपलें, पण कोठीच्या खोलीची किल्ली गवंड्याकडे, असा हा प्रकार! आमच्या फोनमध्यें कंपनीनें घातलेलीं कित्येक निरुपयोगी ॲप्स होतीं. तीं समूळ काढतां येईनात, म्हणून हा खटाटोप.

सेटिंग्जमध्यें 'बिल्ड नंबर' या ओळीवर सातदां बोट टेकतांच 'डेव्हलपर ऑप्शन्स' हें झांकलेलें पान उघडलें. तेथें बूटलोडरचें कुलूप काढूं देण्याची अनुमति दिली. बूटलोडर म्हणजे फोन जागा होतांना पुढील सर्वांस पारखून आंत घेणारा द्वारपाल. सर्वच कंपन्या ही अनुमति देत नाहींत. आमच्या फोनला ती होती. मग फोन तारेनें संगणकास जोडून आज्ञा लिहिली. पडद्यावर इशारा आला कीं, कुलूप निघतांच फोनमधील सारें पुसलें जाईल.

आमचें बोट कळीवर होतें. इतक्यांत नातवानें विचारलें, "आजोबा, पणजीचीं गाणीं उतरवून घेतलींत ना?"

घेतलीं नव्हतीं. आमच्या कैलासवासी मातोश्रींच्या आवाजांतील मंगळागौरीचीं गाणीं त्याच फोनमध्यें होतीं, अन्यत्र कोठेंही नव्हतीं. आमच्या हातांना घाम सुटला. त्या दिवशीं काम तेथेंच थांबविलें.

दुसऱ्या दिवशीं गाणीं दोन ठिकाणीं उतरविलीं, वाजवून पाहिलीं, आणि मगच कुलूप काढलें. फोनमध्यें जी आवृत्ति होती तिचीच 'बूट इमेज' मिळविली, 'मॅजिस्क' नांवाच्या ॲपकडून तींत फेरफार करविला, व 'फास्टबूट'च्या आज्ञेनें ती बसविली. मूळ प्रत मात्र जपून ठेविली. फोन उठलाच नाहीं, तर तीच पुन्हां बसवून मागें फिरतां येतें.

फोन उठला. नको असलेलीं ॲप्स गेलीं. पण बँकेचें ॲप चालेना! मूळ उघडलेल्या फोनवर त्याचा विश्वास नाहीं, आणि तें अगदींच अकारण नव्हे. जी किल्ली आपल्या हातीं येते, ती चोराच्याही हातीं जाऊं शकते. बँकेचा व्यवहार आम्हीं दुसऱ्या फोनवर नेला.

नवख्या वाचकांस भय वाटेल. तें वाटूं द्यावें. त्या भयानें आधीं नकला करून घ्याव्या व परतीची वाट पाहून ठेवावी, एवढाच त्याचा उपयोग. मातोश्रींचीं गाणीं आतां घरांतील प्रत्येकाच्या फोनमध्यें आहेत. इतकीं वर्षें तीं एकाच ठिकाणीं कशीं राहूं दिलीं, याचेंच आम्हांस नवल वाटतें.