घर तुमचं, जमीन आमची

बे एरियातल्या मराठी घरात पाहुणे आले की गोल्डन गेट, नापा, टाहो ही ठरलेली यात्रा होते. माझं मत विचाराल तर त्यातला एक दिवस काढून लॉकला जावं.

सॅक्रामेंटोच्या दक्षिणेला, नदीच्या त्रिभुज प्रदेशात, हे जेमतेम एका रस्त्याचं गाव आहे. जुनी, कललेली लाकडी घरं आणि त्यातच दाय लॉय नावाचं चिमुकलं म्युझियम. १९५१ साली बंद होईपर्यंत हा जुगाराचा अड्डा होता! इथे फॅन-टॅन चालायचं. बटणांच्या ढिगातून काडीने चार-चार बटणं बाजूला सारायची आणि शेवटी किती उरतात यावर पैसे लावायचे. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यांचे फोटो त्या टेबलांपाशीच चालले होते.

साहजिक आहे. पण माझ्या मते इथली सगळ्यात मोठी वस्तू म्युझियमच्या बाहेर आहे, ती म्हणजे नदीचा बांध. गावातला रस्ता बांधाच्या खाली आहे, इतका की नदीकडच्या घरांचा वरचा मजला थेट बांधावरच्या रस्त्यावर उघडतो. एकोणिसाव्या शतकात लव्हाळ्याच्या दलदलीत फावडी आणि हातगाड्या घेऊन इथले सुरुवातीचे बांध घातले ते मुख्यतः चिनी मजुरांनी. पाणी हटलं, सुपीक जमीन वर आली, पेअरच्या बागा आणि अ‍ॅस्परॅगसची शेतं उभी राहिली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचं दार बंद झालं, बायकामुलांना आणणं जवळपास अशक्य झालं. एकट्या पुरुषांनी संध्याकाळी जायचं कुठे? अड्ड्यावर!

१९१३ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांना शेतजमीन घेता येणार नाही. १९१५ मध्ये शेजारच्या वॉलनट ग्रोव्हमधली चिनी वस्ती जळाली, तेव्हा काही चिनी मंडळी जॉर्ज लॉक या जमीनमालकाकडे गेली. तोंडी करार झाला. घरं तुम्ही बांधा, जमिनीचं भाडं द्या. तो कायदा १९५२ मध्ये कोर्टात पडला, पण लॉकमधल्या घरांखालची जमीन घरमालकांना मिळाली ती थेट २००४ साली. तोवर बहुतेक चिनी कुटुंबं गाव सोडून गेली होती.

यात आपला काय संबंध? आहे ना. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिकत्व नाही. मग जमिनीचा तोच कायदा इथल्या पंजाबी शेतकऱ्यांनाही लागू झाला. नागरिकत्वाचा हक्क मिळायला १९४६ उजाडलं, आणि आपल्यासारख्यांसाठी दार नीट उघडलं ते १९६५ च्या कायद्याने.

आपण इथे हुशारीवर आलो असं आपल्याला मनापासून वाटतं. असेलही. पण हुशार माणसं १९२३ सालीही होतीच की! मधे बदलला तो कायदा. 'कसेल त्याची जमीन' ऐकत वाढलेल्या आपल्याला तरी हे उमजायला जड जाऊ नये.

असो. मुलांना घेऊन गेलात तर जुगाराची टेबलं जरूर दाखवा. मग बांधावर चढा आणि त्यांना विचारा, हा घातला कोणी आणि जमीन झाली कोणाची?