‘मारू नकोस’ म्हणणाऱ्यांचे कर्तव्य

जीव घेऊ नये, अशी आज्ञा जगातील बहुतेक धर्मांनी दिली आहे. परंतु त्या आज्ञेला एकही अपवाद न ठेवणारा समाज इतिहासात शोधून सापडणे कठीण. दहा आज्ञांपैकी ‘मारू नकोस’ या आज्ञेतील मूळ हिब्रू क्रियापदाचा रोख अन्याय्य मनुष्यवधावर आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि ज्या ग्रंथात ही आज्ञा येते त्याच ग्रंथात युद्धाला व देहदंडाला संमती आढळते. एका निरपराधाची हत्या ही साऱ्या मानवजातीच्या हत्येसारखी होय, असे कुराण सांगते. पण तेथेही न्याय्य शिक्षेचा अपवाद आहे. महाभारतात अहिंसा हा परम धर्म ठरतो आणि त्याच महाभारतात अठरा अक्षौहिणी सैन्याचा अठरा दिवसांत संहार होतो.

हे अपवाद योग्य की अयोग्य, हा वाद जुना आहे. युद्धात समोर शत्रू असतो आणि फाशीच्या प्रश्नात समोर अपराधी असतो. या आज्ञेची खरी कसोटी लागते ती समोर शत्रूही नसतो आणि अपराधीही नसतो तेव्हा. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवलेले वडील, शुद्ध परत येण्याची आशा नाही असे सांगणारे डॉक्टर, बाहेर बाकावर बसलेली मुले आणि दर दिवशी वाढत जाणारे बिल, हे दृश्य आज क्वचितच एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाला अपरिचित असेल. यंत्र काढा म्हणणे ही हत्या, की काढू नका म्हणणे हा छळ? धर्माची आज्ञा येथे नेमके काय सांगते?

कायद्याने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ यंत्राच्या आधारे लांबवलेले जगणे थांबविता येते, आणि आपल्या बाबतीत तसे करावे असे माणसाला शुद्धीवर असतानाच लिहून ठेवता येते. मात्र विषारी इंजेक्शन देऊन रुग्णाचा अंत करण्यास न्यायालयाने मान्यता दिलेली नाही. 24 जानेवारी 2023 रोजी याची पद्धती सुलभ करण्यात आली. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट जाऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरेशी ठरली. निर्णयापूर्वी डॉक्टरांच्या दोन स्वतंत्र मंडळांचे मत घेण्याचे बंधन मात्र कायम राहिले.

मरू देणे आणि मारणे यांत केलेला हा भेद कायद्याने नव्याने शोधून काढलेला नाही. पोप बारावे पायस यांनी 1957 साली भूलतज्ज्ञांसमोर बोलताना, असाधारण उपायांनी आयुष्य लांबवीत राहण्याचे बंधन धर्म घालत नाही, असे स्पष्ट केले होते. गर्भपात आणि दयामरण यांना ठाम विरोध करणाऱ्या चर्चचे हे मत आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेव्हा यंत्र काढले की आज्ञा मोडली, असे सरसकट म्हणता येत नाही. पण म्हणून प्रश्न सुटला, असेही नाही.

केईएममधील बेचाळीस वर्षे

2018 च्या या निर्णयाची पूर्वपीठिका मुंबईत घडली आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयाच्याच आवारात अत्याचार झाला. गळ्याभोवती आवळलेल्या साखळीमुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांचे अन्न थांबवून त्यांना मरण येऊ द्यावे, अशी विनंती करणारी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. ही विनंती निर्दयतेतून आलेली नव्हती. ज्या अवस्थेला जगणे म्हणणे कठीण, ती अवस्था लांबविणे हा अरुणा यांचा अपमान आहे, अशी त्यामागची भावना होती. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने विशिष्ट परिस्थितीत उपचार थांबविता येतील हे तत्त्व प्रथमच मान्य केले; परंतु अरुणा यांच्यापुरती याचिका फेटाळली.

फेटाळण्याचे कारण महत्त्वाचे आहे. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न न्यायालयापुढे होता, आणि तो अधिकार न्यायालयाने रुग्णालयातील सेवकवर्गाला दिला. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. पण भरवणे, पुसणे, कूस बदलणे हा क्रम खंडित झाला नाही. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर शय्याव्रण नाहीत, ही गोष्ट तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी न्यायालयाच्या निदर्शनास आणली होती. ज्यांनी कधी बिछाना टाळला असेल किंवा एखाद्या आजाऱ्याची महिनाभर शुश्रूषा केली असेल, त्यांना या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. अखेर 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले.

अरुणा यांना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाही कळणे शक्य नव्हते. त्यामुळे याचिका बरोबर होती की परिचारिका, याचा अंतिम निवाडा करता येत नाही. मात्र एक तत्त्व या प्रकरणातून निश्चित हाती येते. ‘मारू नका’ असे सांगण्याचा नैतिक अधिकार परिचारिकांनी भाषणाने मिळविला नव्हता. तो त्यांनी रोजच्या सेवेने मिळविला होता.

वासरू आणि माणूस

हेच तत्त्व 1928 साली एका वेगळ्याच प्रसंगाने महात्मा गांधींपुढे उभे राहिले होते. साबरमतीच्या आश्रमातील एक वासरू असाध्य व्याधीने तळमळत होते. कूस बदलणेही त्याला सोसेना. उपाय नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर गांधीजींनी आश्रमीयांशी चर्चा केली आणि आपल्या उपस्थितीत त्या वासराला विषाचे इंजेक्शन देवविले. अहिंसेच्या उपासकाने गोवंशाचा जीव घ्यावा, यावर गुजरातेत टीकेचे मोहोळ उठले. गांधीजींनी हे कृत्य लपविले तर नाहीच, उलट ‘नवजीवन’मध्ये लेख लिहून त्याचे समर्थन केले. क्रोधाने किंवा स्वार्थाने दिलेली पीडा म्हणजे हिंसा. जीव जाणे एवढीच तिची व्याख्या नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मग माणसाच्या बाबतीतही हेच करणार काय, असा प्रश्न त्यांना विचारला जाणे अटळ होते. तत्त्वतः नियम तोच, हे त्यांनी मान्य केले. पण व्यवहारात आपण आप्तांचे दुःख मृत्यू देऊन संपवीत नाही, याची दोन कारणे त्यांनी सांगितली. एक, माणसाची सेवा करण्याची साधने सामान्यतः आपल्या हाती असतात; आणि दोन, माणूस स्वतः विचार करू शकतो, स्वतःविषयी ठरवू शकतो. आजच्या साऱ्या चर्चेचे सार या दोन कारणांत आले आहे. सेवेचे सर्व मार्ग संपले आहेत काय आणि रुग्णाची स्वतःची इच्छा काय आहे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आज्ञेचे अक्षर पाळले म्हणजे धर्म पाळला, ही समजूत महाभारतानेही मोडून काढली आहे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला दोन कथा सांगतात. बलाक नावाचा व्याध एका अंध श्वापदाला मारतो आणि स्वर्गाला जातो, कारण ते श्वापद प्राणिमात्रांचा संहार करणारे होते. सत्यवचनाचे व्रत घेतलेला कौशिक लपलेल्या वाटसरूंचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगतो. वाटसरू मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. नियम तोंडपाठ असणाऱ्या माणसाच्या हातूनही हत्या घडू शकते, हा त्या कथेचा इशारा आहे.

इच्छा कोणाची?

रुग्णाच्या इच्छेचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1966 साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्न व औषध सोडून देह ठेवला. 1982 च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर आचार्य विनोबा भावे यांनी पवनारला तोच मार्ग स्वीकारला आणि 15 नोव्हेंबरला त्यांचे निर्वाण झाले. दोघांच्या विचारसरणीत कमालीचे अंतर होते. परंतु कृतार्थ जीवनाचा शेवट आपण ठरवावा, याविषयी त्यांचे आचरण एक होते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविणारे 309 वे कलम तेव्हा कायद्यात होते, तरी शासनाने हात जोडून दूर राहणेच पसंत केले. पुढे याच कलमाखाली मणिपूरमधील इरोम शर्मिला यांना, त्यांचे उपोषण मरणासाठी नसून निषेधासाठी असताना, सुमारे सोळा वर्षे नाकातील नळीवाटे अन्न देण्यात आले. जीवनाचे पावित्र्य शासनाला माणूस पाहून आठवते, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खोडून काढणे सोपे नाही.

जैनांच्या संथारा व्रतावर राजस्थान उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2015 रोजी आत्महत्येचा शिक्का मारला, तेव्हा देशभर मोर्चे निघाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. अहिंसेचा सर्वांत कठोर अर्थ लावणाऱ्या धर्माने हे व्रत मान्य करावे, यात वरवर विसंगती दिसते. परंतु जैन शास्त्रकारांनी त्याला घातलेली अट मार्मिक आहे. जगण्याची लालसा हा जसा या व्रतातील दोष, तशी लवकर मरण यावे ही इच्छाही दोषच. अर्थात हे व्रत घेणारी वृद्धा खरोखर स्वतःच्या इच्छेने घेते की घरच्यांच्या अपेक्षेने, हा टीकाकारांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. विनोबांच्या इच्छेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. ज्यांचे मत घरात एरवीही कोणी विचारीत नाही, त्यांच्या मरणाच्या इच्छेविषयी मात्र शंका घेतलीच पाहिजे.

आज्ञेचा दुसरा अर्धा भाग

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते. विनयपिटकात भिक्षूंसाठी सांगितलेल्या अत्यंत गंभीर अपराधांपैकी तिसरा अपराध मनुष्यवधाचा आहे. तो केवळ हाताने मारण्यापुरता नाही. एखाद्यापुढे मरणाची स्तुती करून त्याला मरणाला प्रवृत्त करणे हाही त्यात येतो, मग हेतू दयेचा का असेना. पण त्याच विनयपिटकात दुसरी एक हकीकत आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला भगवान बुद्धांना दिसला. त्याची विचारपूस कोणीच करीत नव्हते. बुद्धांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून निजवले आणि भिक्षूंना सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी. मारू नका ही आज्ञेची एक बाजू झाली, आजाऱ्याला धुवा ही दुसरी. पहिली सांगून दुसरी टाळणे म्हणजे आज्ञा अर्धीच पाळणे होय.

आपल्या समाजाने नेमके तेच केले आहे. भारतात अफूची कायदेशीर लागवड मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात होते आणि तिच्यापासून वेदनाशामक औषधे तयार होतात. तरी 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जाळ्यामुळे कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. 2014 साली तो कायदा शिथिल झाला, पण जिल्ह्याच्या ठिकाणी ते औषध सहजपणे हाती येईल अशी स्थिती सर्वत्र आलेली नाही. केरळात 1993 साली कोझिकोडे येथे सुरू झालेल्या प्रयत्नातून घरोघरी जाऊन असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करणारी स्वयंसेवकांची चळवळ वाढली आणि 2008 साली त्या राज्याने या शुश्रूषेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. अन्य राज्यांना हे अशक्य होते, असे म्हणता येणार नाही.

ही शुश्रूषा नसेल तर काय होते, हे इस्पितळांच्या दारात दिसते. पैसे संपतात, नातलग ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही करतात आणि रुग्णाला घरी नेतात. ना डॉक्टरांचे मंडळ बसते, ना इच्छापत्र विचारले जाते, ना वेदनेवर औषध मिळते. कायद्याच्या भाषेत याला इच्छामरण म्हणत नाहीत; पण येथे जगण्या-मरण्याचा निर्णय धर्मही करीत नाही आणि विवेकही करीत नाही, तो बिलाचा आकडा करतो. उलट ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याचा देह आशा संपल्यावरही यंत्राला जोडलेला राहतो. कारण ‘काढा’ हा शब्द उच्चारण्याचे धैर्य मुलांना होत नाही आणि तो सुचविण्याचे धैर्य डॉक्टरांना होत नाही.

तेव्हा 2018 च्या निर्णयाला धर्माच्या नावाने विरोध करणाऱ्यांनी आणि स्वातंत्र्याच्या नावाने त्याचे स्वागत करणाऱ्यांनीही एका प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. मरण मागणाऱ्या माणसाला त्याआधी आपण काय दिले? वेदनेवर औषध दिले, कूस बदलणारा हात दिला, त्याच्या उपचाराने घर विकले जाणार नाही ही हमी दिली, आणि तरीही तो शांत मनाने पुरे म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे ऐकणे हा आज्ञेचा भंग ठरणार नाही. यातले काहीच न देता त्याची ‘इच्छा’ मान्य करणे ही दया नव्हे. आणि यातले काहीच न देता त्याला जगण्याची सक्ती करणे हाही धर्म नव्हे.

आपले इच्छापत्र वेळीच लिहून ठेवणे, घरात या विषयावर संकोच सोडून बोलणे, हे प्रत्येकाच्या हाती आहे. तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत वेदनाशामक औषध व प्रशिक्षित परिचारिका पोहोचविणे हे शासनाच्या हाती आहे. धर्मसंस्थांपाशी जागा आहे, पैसा आहे, सेवेकरी आहेत. मंदिर, मशीद, चर्च आणि विहार यांनी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मिळून एक-एक खोली जरी राखून ठेवली, तरी ‘मारू नकोस’ या आज्ञेचा अर्थ प्रवचनाशिवाय लोकांना कळेल.