जीभ मंत्र्याची, जमीन कुणाची?

स्वातंत्र्य मिळालं की आधी झेंडा बदलतो. मग नोटांवरचा चेहरा बदलतो. जमिनीचा मालक बदलला का, हे मात्र कोणी विचारायचं नाही. दोस्तहो, केनियाचं बघा.

जोसेफ मुरुंबी हा तिथला डाव्या विचारांचा परराष्ट्रमंत्री. बाप गोव्याचा व्यापारी, आई मासाई. शिक्षण बंगलोर-बेल्लारीला. इंग्रजांनी केनियात तीन पायऱ्या केल्या होत्या. वर गोरा, मधे आशियाई, तळाला काळा. बापाचं झुझार्ते आडनाव धरून मधल्या पायरीवर सुखात बसता आलं असतं. गड्यानं आईकडचं नाव लावलं आणि खाली उतरला. १९५२ ला आणीबाणी आली, केन्याटासकट पुढारी आत गेले, तेव्हा संघटनेचं काम यानं अंगावर घेतलं. मग परागंदा होऊन लंडनमध्ये वसाहतवाल्यांशी झगडला. १९६२ ला परतला, १९६३ ला देश स्वतंत्र झाला, १९६४ ला हा परराष्ट्रमंत्री.

आता खरी परीक्षा. नोव्हेंबर १९६५. ऱ्होडेशियातल्या मूठभर गोऱ्यांनी परस्पर आपलं राज्य जाहीर केलं. आफ्रिकी ऐक्य संघटनेनं ठरवलं, इंग्लंड हे बंड मोडत नसेल तर इंग्लंडशी संबंध तोडा. टांझानियानं तोडले, घानानं तोडले. केनियानं नाही. कसे तोडणार? गोऱ्यांचे मळे विकत घ्यायला कर्ज इंग्लंडचं. १९६४ ला सैन्यात बंड झालं ते मोडायला सोल्जर इंग्लंडचे. लुटलेली जमीन लुटारूचंच कर्ज काढून लुटारूकडून विकत घ्यायची! अशा सरकारचा मंत्री डावा असला तरी जीभ किती लांब काढणार?

घरात काय चाललं होतं? मुरुंबीचा जिवलग दोस्त पिओ गामा पिंटो, हाही गोव्याच्या रक्ताचा, कट्टर समाजवादी. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत राहत्या घराच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. एका तरुणाला शिक्षा झाली. खून करवला कुणी, ते बाहेर आलंच नाही. १९६६ ला ओडिंगानं उपराष्ट्राध्यक्षपदावर लाथ मारून वेगळा पक्ष काढला. त्या रिकाम्या खुर्चीवर बसला कोण? मुरुंबी! काही महिन्यांत तोही बाहेर पडला. पण पक्ष नाही, मोर्चा नाही. पुढं तंबाखू कंपनीतली मोठी खुर्ची, जुनी पुस्तकं, आफ्रिकी कलेचा संग्रह. ओडिंगाचा पक्ष १९६९ ला बंदीत गेला, ओडिंगा तुरुंगात.

मुरुंबी चोर नव्हता. पुस्तकांचा ठेवा त्यानं देशाला दिला, तो राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पण स्वच्छ हात खिशात घालून घरी बसलेल्या माणसाचा भूमिहीनाला उपयोग काय? मळे बड्या काळ्या साहेबांच्या घशात जायचे ते गेलेच.

१९९० ला तो वारला. पिंटोच्या जवळ पुरा, ही त्याची इच्छा होती, तसंच झालं. मेल्यावर शेजार मिळाला. जिवंतपणी मात्र पिंटोच्या खुनानंतर दीड वर्षाहून जास्त हा त्याच सरकारात होता.

म्हणून परदेशात क्रांतीचं भाषण ठोकणारा मंत्री दिसला तर टाळ्या वाजवू नका. त्याच्या देशातला सातबारा कुणाच्या नावावर आहे, ते आधी विचारा.