व्यवहार आणि विचार : जादा तासाचे मोल

धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात बाजारपेठेतील दुकान रात्री किती वाजता बंद होते, हे व्यापारी कुटुंबात वाढलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते. शेवटचे गिऱ्हाईक उठेपर्यंत शटर खाली येत नाही. त्यानंतर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या, गल्ल्याचा मेळ, दुसऱ्या दिवसाची मांडणी. मालक घरी पोहोचतो तेव्हा मध्यरात्र झालेली असते. नोकर त्याहूनही उशिरा पोहोचतो, कारण त्याचे घर दूर असते आणि शेवटची बस निघून गेलेली असते. या वाढीव तासांचा मोबदला कोणत्या दराने द्यावा, हा प्रश्न पुष्कळ पेढ्यांवर दिवाळीच्या पाकिटात आणि मिठाईच्या पुड्यात मिटवला जातो. कायदा मात्र त्याचे उत्तर आकड्यांत देतो, आणि हेच आकडे गेल्या काही वर्षांत विधिमंडळांपासून न्यायालयांपर्यंत वादाचे कारण ठरले आहेत.

महाराष्ट्रात हा वाद ३ सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने पेटला. दुकाने, कार्यालये, हॉटेले यांना लागू असलेल्या २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्याचे ठरले. जादा कामाची तिमाही मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास झाली. विश्रांतीची सुट्टी पाच तासांऐवजी सहा तासांनंतर देण्याची मुभा मिळाली. कारखान्यांसाठी दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तास आणि जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यात आली; जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवण्यात आली. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे दुकाने कायद्याच्या तरतुदी यापुढे दहाऐवजी वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू व्हाव्यात, असे ठरले.

या आकड्यांमागील इतिहास मुंबईच्या गिरण्यांत घडला आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालणाऱ्या कामाविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे काम ६० तासांवर आणले, १९३४ च्या कायद्याने ५४ तासांवर आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांवर. ही शेवटची दुरुस्ती मांडली गेली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. जादा तासाच्या दराबाबत १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम करारात किमान सव्वापट मोबदल्याची अट होती. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ५९ मध्ये तो दर सरळ दुप्पट ठेवला.

हा दुप्पट दर कशासाठी, हे समजल्याशिवाय आजचा वाद समजत नाही. जादा तासाचा दर साधाच असता, तर नवा माणूस नेमण्याऐवजी आहे त्याच माणसाकडून बारा तास काम करून घेणे मालकाला नेहमीच सोयीचे ठरले असते. दुप्पट दरामुळे मालकाला थांबून हिशेब करावा लागतो. हंगामातील चार दिवसांची निकड असेल तर जादा पैसे देऊन काम भागवावे आणि निकड बारमाही असेल तर दुसरा माणूस नेमावा, असा निर्णय हा दर त्याच्याकडून करवून घेतो. कामगाराच्या बाजूने पाहता, दिवसाचा अकरावा तास त्याच्या झोपेतून आणि मुलांच्या सहवासातून कापलेला असतो, म्हणून त्याची किंमत पहिल्या तासाएवढी असू शकत नाही.

या दराला हात लागल्यास काय घडते, याचे उदाहरण गुजरातने २०२० मध्ये दाखवले. टाळेबंदीच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, तेथील राज्य सरकारने कारखाने अधिनियमातील सूट देण्याचा अधिकार वापरून दिवसाला बारा आणि आठवड्याला ७२ तास कामाची परवानगी दिली. जादा तासांचा मोबदला दुप्पट न ठेवता प्रमाणशीर ठेवला. अधिसूचनेतच उदाहरण होते : आठ तासांचे वेतन ८० रुपये असेल, तर बारा तासांचे १२० रुपये.

वरवर पाहता हिशेब चोख वाटतो. पण त्याच उदाहरणाचा आठवडा मांडून पाहावा. सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास. त्यांपैकी ४८ तास नेहमीचे, दहा रुपये दराने ४८० रुपये. उरलेले २४ तास जादा, वीस रुपये दराने आणखी ४८० रुपये. मूळ कायद्याप्रमाणे एकूण ९६० रुपये होतात, अधिसूचनेप्रमाणे ७२०. म्हणजे कामगाराच्या हक्काच्या प्रत्येक चार रुपयांतील एक रुपया त्या अधिसूचनेने कमी केला होता. गुजरात मजदूर सभेने याविरुद्ध दाद मागितली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही सूट रद्द ठरवली. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाची सुरक्षा धोक्यात आली, तरच त्या कलमाचा आधार घेता येतो; महामारीमुळे आलेली आर्थिक मंदी त्यात बसत नाही, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांनी त्या काळात जादा काम केले होते, त्यांना जादा कामाचे वेतन द्यावे, असाही आदेश झाला.

त्यानंतरच्या सुधारणांनी दुप्पट दर कायम ठेवून तासांच्या मर्यादा वाढवण्याचा मार्ग धरला. कर्नाटकात भारतीय जनता पक्षाचे सरकार असताना २०२३ च्या प्रारंभी कारखान्यांसाठी असा कायदा झाला. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी तमिळनाडूत द्रविड मुन्नेत्र कळघमच्या सरकारने बारा तासांच्या पाळीला वाट करून देणारे विधेयक संमत केले. पण मित्रपक्षांनीच सभात्याग केला, संघटना रस्त्यावर आल्या आणि मुख्यमंत्री स्टालिन यांनी १ मे रोजी, कामगारदिनी, ते मागे घेत असल्याचे जाहीर केले. तेलंगणातील काँग्रेस सरकारने जुलै २०२५ मध्ये व्यापारी आस्थापनांसाठी दहा तासांच्या दिवसाला मान्यता दिली. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी एकाच दिशेने पाऊल टाकलेले दिसते. विरोधी बाकांवर बसलेला पक्ष कामगाराच्या झोपेची चिंता करतो आणि सत्तेत येताच गुंतवणुकीची. म्हणून या वादात पक्षाच्या रंगावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे म्हणणे तपासणे अधिक उपयुक्त आहे.

सरकारचे म्हणणे असे की, हंगामी मागणी असलेल्या उद्योगांना लवचीकता हवी. जादा काम तसेही होतेच, ते कायद्याच्या चौकटीत आले तर कामगाराला त्याचा मोबदला मागता येईल. आणि आठवड्याची ४८ तासांची मूळ मर्यादा कायम आहे. यात तथ्य आहे. लग्नसराई आणि दिवाळी यांचे वेळापत्रक कायदा लिहिणाऱ्याच्या सोयीने चालत नाही. शिवाय जादा तास स्वतःहून मागणारे कामगारही असतात. मुलीच्या प्रवेशाची फी भरायची असेल, तेव्हा चार तास जास्त थांबून मिळणारी रक्कम त्या कुटुंबाला सावकाराच्या दारापासून दूर ठेवते.

कामगार संघटनांचा पहिला आक्षेप रोजगाराचा आहे. आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या, तर तीन माणसांचे काम दोघांत भागते. दुसरा आक्षेप असा की, दिवसाची मर्यादा वाढली की कालपर्यंत मर्यादेबाहेर असलेला दहावा तास मर्यादेच्या आत येतो आणि जादा काम कोठून सुरू होते ती रेषाच पुढे सरकते. तिसरा आक्षेप संमतीविषयी आहे. ज्याच्या हातात नोकरी आहे, त्याने पुढे केलेल्या कागदावर नोकराची सही होते. पण तिला संमती म्हणावे का?

चौथा प्रश्न आरोग्याचा आहे. तिमाहीत तेरा आठवडे धरले, तर १४४ तास म्हणजे आठवड्याला सरासरी अकरा तास. ४८ मध्ये ते मिळवले की ५९. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के अधिक आढळला. श्रावकाचारात ज्या दोषाला अतिभार म्हटले आहे, त्याची व्याप्ती बैलाच्या पाठीपुरती नाही, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

आता हाच प्रश्न दुकानाच्या वहीत मांडून पाहावा. समजा, एका दुकानात चौदा नोकर आहेत आणि प्रत्येकाचे मासिक वेतन १५,६०० रुपये आहे. २६ दिवसांनी भागले असता रोज ६०० आणि आठ तासांनी भागले असता तासाला ७५ रुपये होतात. जादा तासाचा दुप्पट दर १५० रुपये. तिमाहीत १४४ तास जादा काम झाले, तर एका नोकराचे २१,६०० रुपये निघतात. तेच साध्या दराने दिले तर १०,८००. चौदा नोकरांचा हा फरक तिमाहीला १,५१,२०० रुपये होतो. ही रक्कम दिली गेली नाही, तर ती नफ्यात दिसते. परंतु हिशेबाच्या दृष्टीने ते देणे आहे, केवळ वहीत न लिहिलेले. व्यापारात उधारी बुडवणाऱ्याला बाजार कोणत्या नावाने ओळखतो, हे सांगण्याची गरज नाही.

येथे पुष्कळांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. वीसपेक्षा कमी नोकर असल्याने दुकाने कायद्याच्या अनेक तरतुदींतून सुटका झाली, की जादा कामाचा दरही सुटला, असे मानले जाते. तसे नाही. किमान वेतनाचा कायदा नोकरांची संख्या पाहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील वेतन संहितेनुसार नेहमीच्या कामाच्या दिवसापेक्षा अधिक घेतलेल्या प्रत्येक तासाला सामान्य दराच्या दुपटीपेक्षा कमी मोबदला देता येत नाही. पगाराचा मोठा भाग निरनिराळ्या भत्त्यांत दाखवून मूळ वेतन लहान ठेवण्याची युक्तीही आता पूर्वीसारखी चालणार नाही. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

लहान व्यापाऱ्याची अडचण खोटी नाही. ऑनलाइन विक्रीने नफ्याचे प्रमाण आटले आहे, भाडे वाढले आहे आणि मालक स्वतः चौदा तास गल्ल्यावर बसतो, त्याला जादा कामाचे कोणी देत नाही. पण त्याच्या जादा तासांचे फळ दुकानाच्या किमतीत आणि मुलांच्या वारशात साठत जाते. नोकराच्या जादा तासांचे फळ त्या महिन्याच्या पाकिटाएवढेच असते.

उपाय खर्चीक नाहीत. हजेरीपटात येण्याची आणि जाण्याची वेळ लिहावी आणि महिनाअखेर नोकराची सही घ्यावी. वाद श्रम कार्यालयात गेला, तर हाच हजेरीपट मालकाचा साक्षीदार असतो. हंगामाचे वेळापत्रक महिनाभर आधी लावून नोकरांना आलटून पालटून उशिरा थांबवावे, म्हणजे एकाच माणसावर सलग भार पडत नाही. जादा कामाची रक्कम दिवाळीच्या बोनसमध्ये मिसळू नये. बोनस वेगळा आणि जादा तासांची मजुरी वेगळी. शक्य तेथे ती नोकराच्या बँक खात्यात जमा करावी. पाकिटातून दिलेले पैसे कर्जाच्या अर्जात दिसत नाहीत; खात्यावर जमा झालेले दिसतात आणि घरासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी तो बँकेत जातो, तेव्हा त्याच्या कामी येतात.

मर्यादा १२५ तासांची असावी की १४४ तासांची, यावर विधिमंडळात पुढेही मतभेद होतील आणि सरकारे बदलली की भूमिकाही बदलतील. पेढीवरचा नोकर त्या चर्चेला उपस्थित नसतो. रात्री अकरा वाजता शटरला कुलूप लावून किल्ली मालकाच्या हाती देताना आजचे आपले तीन तास कोठेतरी लिहिले गेले आहेत, एवढे त्याला कळले पाहिजे. तेवढी नोंद करण्यासाठी कोणत्याही अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही.