दाण्याचा मिक्सर करू नका

"अमुक तांदळात तमुक मिलिग्रॅम लोह" असं वाचलं की माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. कुठल्या भागात? दाणा म्हणजे एकच वस्तू नाही हो. वर कोंड्याचे थर, त्यातलाच आतला अल्यूरोन, कोपऱ्यात एवढासा अंकुर, आणि उरलेला सुमारे ९० टक्के पिठूळ भ्रूणपोष. अख्खा दाणा दळून काढलेला आकडा म्हणजे सर्व्हरचा 'सरासरी रिस्पॉन्स टाइम'. मॅनेजर खूश, वापरणारा हैराण!

पत्ता महत्त्वाचा असतो. लोहाला धरून ठेवणारं फायटेट भातात मुख्यतः अल्यूरोनमध्ये, मक्यात मात्र बहुतेक अंकुरात. २००० साली जाहीर झालेल्या गोल्डन राइसचा सगळा खटाटोप पत्त्यासाठीच होता. भाताच्या हिरव्या पानात बीटा-कॅरोटीन असतंच. ते भ्रूणपोषात हवं होतं, कारण पॉलिश केल्यावर ताटात तोच येतो.

मग भाग सुटे करून का नाही मोजत? करतात, पण काम महाकिचकट. दाणा भिजवला तर साल पटकन सुटते, पण पाणी लागलं की बी जागं होतं, एन्झाइम कामाला लागतात आणि जे मोजायचं तेच बदलतं. डीबगर लावताच गायब होणारा बग आठवला ना? कोरडा दाणा घासत गेलं तर थरांची सरमिसळ होते. म्हणून गोठवून पातळ काप काढायचे आणि हवा तो थर लेझरने कापून घ्यायचा. आरएनएसाठी हे झकास, कारण त्याच्या प्रती वाढवता येतात. प्रथिनं, साखरा ह्यांना तसलं कॉपी-पेस्ट नाही. जेवढं कापाल तेवढंच हातात.

त्यामुळे माझा जीव अजूनही सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुरीने अंकुर सोडवत बसणाऱ्या माणसावर आहे. हे हमाली काम समजलं जातं, पण पुढच्या लाखमोलाच्या मशीनचा आकडा त्याच्याच हातावर उभा असतो. अंकुराला पीठ चिकटलंय का, हे आयोडीनचा थेंबही सांगतो. निळं झालं की समजा. ही तपासणी छापली नसेल तर मी आकडा बाजूला ठेवतो. पाकिटावर निदान 'पॉलिशआधी की नंतर' एवढं तरी हवंच.

आपल्या कोकण-गोव्यातला उकडा घ्या. भात साळीसकट उकडताना बी१ जीवनसत्त्व कोंड्यातून आत मुरतं, म्हणून पॉलिशनंतरही बरंचसं टिकतं. अख्खा दाणा दळून मोजलात तर हे स्थलांतर दिसणारच नाही.